फुकट पासावर नवा गायक उभा राहत नाही

डिसेंबर जवळ आला की गोव्यात संगीतावरून भांडण पेटतं, आणि दरवर्षी तेच भांडण, तीच वाक्यं. एक बाजू म्हणते हे ईडीएम (इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक) फेस्टिव्हल म्हणजे आमच्या संस्कृतीवर घाला, ड्रग्ज, ट्रॅफिक, कानठळ्या, बंद करा. दुसरी म्हणते पर्यटन बुडेल, हॉटेलं रिकामी पडतील, टॅक्सीवाले काय खाणार. उरलेले अकरा महिने दुसरं भांडण चालू असतं, ते घरात, लग्नाच्या मांडवात, व्हॉट्सअॅपच्या फॅमिली ग्रुपवर: आजकालच्या पोरांना गाता येतं का? काका म्हणतात सगळं मशीनवर चाललंय, रियाज नाही, तीस सेकंदांचं रील केलं की झाले गायक. पोरं म्हणतात तुम्हाला मेलेलीच माणसं आवडतात. मी विशीतली मुलगी आहे, लाइव्ह संगीत हे माझं वेड आहे, फोंड्यापासून म्हापशापर्यंत जिथे कोणी नवीन गाणार-वाजवणार असेल तिथे जायचा प्रयत्न करते, आणि मला ही दोन्ही भांडणं ऐकून राग येतो, कारण दोन्हीत खरा प्रश्न कोणी विचारतच नाही. प्रश्न असा आहे की गोव्यात आज जो नवीन मुलगा किंवा मुलगी गाते, वाजवते, स्वतःची गाणी लिहिते, तिला त्या संध्याकाळचे पैसे कोण देतं? माझं म्हणणं सरळ आहे. नवे कलाकार कमी पडत नाहीयेत, ऐकणारे आपण कमी पडतोय, आणि ते अशा अर्थाने की आपण तिकीट काढत नाही. आपण म्हणजे खास करून गोव्यातले मराठी बोलणारे, मराठी ऐकणारे, देवळाच्या मंडपात आणि कला अकादमीत वाढलेले लोक. आपल्याला गाणं फुकट मिळायची सवय लागलीय आणि ती सवय नव्या माणसाच्या मुळावर आलीय.

फेस्टिव्हलच्या भांडणाचं आधी आटपते. सनबर्न हा ईडीएम फेस्टिव्हल 2007 साली कांदोळीच्या किनाऱ्यावर सुरू झाला, 2016 ला पुण्याला गेला, परत आला, वागातोरला झाला, 2024 च्या डिसेंबरात पेडण्यात धारगळला झाला तेव्हा गावात किती विरोध झाला, कोर्टापर्यंत गेलं ते सगळ्यांना आठवत असेल, आणि 2025 ला तो मुंबईला गेला. आता मला सांगा, तो आला तेव्हा डिचोलीतल्या एखाद्या बँडचं काय भलं झालं होतं आणि तो गेल्यावर त्यांचं काय वाईट झालं? लोकल नावं असलीच तर पोस्टरच्या तळाला. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांचे मुद्दे मला पटतात, पाणी, कचरा, रस्ते, झोप, हे काही खोटं नाही. पण फेस्टिव्हल घालवला म्हणजे आपण आपलं संगीत वाचवलं असं जे कोणी भाषणात म्हणतं त्यांना मी विचारेन की वाचवलं म्हणजे नक्की काय केलं? त्या तीन रात्री तो आवाज नव्हता, ठीक. त्या जागी दुसरं काय वाजलं?

आता माझ्या विरोधातला सगळ्यात मोठा मुद्दा, जो मला स्वतःलाही आतून हलवतो. लोक म्हणतात गोव्यात गाणं फुकट असणं हीच तर आपली श्रीमंती आहे. खरंय ते. वास्कोचा सप्ताह बघा, श्रावणात दामोदराच्या देवळात चोवीस तास भजन चालतं, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी साथ आली तेव्हा जांबावलीहून प्रसादाचा नारळ आणून हे सुरू झालं असं सांगतात, आणि आजही वेगवेगळ्या समाजांचे पार, म्हणजे मिरवणुका, येतात, रात्री गाण्याच्या बैठका होतात, रस्त्यावर बसून कोणीही ऐकतं, हमाल पण आणि डॉक्टर पण, कोणी पास विचारत नाही. जत्रेत दशावतार होतो, उत्सवात गावातलीच माणसं संगीत नाटक उभं करतात, स्वतःच्या खिशातून विग-पोशाखाचे पैसे घालतात. हे सगळं कुठल्या पैशाच्या हिशोबात बसत नाही आणि बसवूही नये. माझे कान तिथेच तयार झाले, पेटीच्या पहिल्या सुराला अख्खा मंडप गप्प होतो ही गोष्ट मी लहानपणी तिथेच पाहिली. म्हणून कोणी म्हणालं की तू या पोरांच्या तिकिटापायी आमची जत्रा बाजारात नेतेयस, तर ते मला लागतं.

पण थोडं नीट बघूया, फुकट होतं म्हणजे कोणाला फुकट होतं? ऐकणाऱ्याला. पैसे कोणीतरी देतच होतं. सप्ताहाच्या बैठकीला बाहेरून गवई यायचा त्याची बिदागी पार काढणारे व्यापारी आणि समाज वर्गणीतून भरायचे. देवळात जे गाणं होतं ते देवस्थानच्या जमिनीवर, महाजनांच्या व्यवस्थेवर चालायचं, आणि त्या व्यवस्थेत गाणारी बाई जन्माने बांधलेली असायची, तिला सेवा होती, मान मात्र नव्हता. आपण आज केसरबाई केरकरांचं नाव प्रत्येक उद्घाटनाच्या भाषणात घेतो, व्हॉयेजर यानातून 1977 ला त्यांचा आवाज अंतराळात गेला हे शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे, पण 1892 ला केरीत जन्मलेली ही बाई मोठी कुठे झाली? मुंबईत. अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकून, आणि आपल्या गाण्याची किंमत स्वतः ठरवून. बिदागीच्या बाबतीत केसरबाई ऐकून घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. कुर्डीच्या गायिका मोगूबाई लहान वयात नाटक मंडळीत गेल्या, म्हणजे तिकीट लावून खेळ करणाऱ्या कंपनीत. मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर 1918 मध्ये बळवंत संगीत मंडळी काढून उभे राहिले, तीही तिकिटावर. ज्यांच्या नावाने आपण सभागृहं बांधली, समारोह भरवले, ती सगळी माणसं फुकटच्या मंडपातून निघाली हे खरं, पण टिकली ती पैसे देऊन ऐकणाऱ्यांमुळे, आणि तो पैसा द्यायला गोवा नव्हता, मुंबई होती, कोल्हापूर होतं. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. मला त्यात अभिमानाइतकीच लाज दिसते.

महाराष्ट्रातही काय वेगळं होतं? 1921 साली मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मिळून संयुक्त मानापमान हे संगीत नाटक केलं, टिळक स्वराज्य फंडासाठी, देशकार्यासाठी, आणि तेही तिकीट लावून. लोकांनी ते गर्दी करून घेतलं. देशाच्या नावाने सुद्धा फुकट बसवलं नाही कोणाला, आणि त्याने त्या गाण्याचं पावित्र्य कमी झालं असं शंभर वर्षांत कोणी म्हटलेलं मी वाचलेलं नाही.

बरं लांब कशाला, आपल्या शेजारच्या घरात बघा. तियात्र, म्हणजे कोंकणी नाटक. 1892 साली मुंबईत पहिला झाला आणि आजही मडगावच्या रवींद्र भवनात दुपारी साडेतीनचा शो, संध्याकाळी सातचा शो, बाहेर गाड्या, बस करून आलेल्या बायका, तिकीट हातात. सरकारचं अनुदान मिळतं न मिळतं, तियात्र थांबत नाही, कारण त्याचा मालक तिकीट काढणारा माणूस आहे. आणि आमच्यासारख्या म्युझिकवाल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं काय, तर तियात्रात स्टेजच्या पुढ्यात खरा बँड बसतो. ट्रंपेट, सॅक्सोफोन, बेस, ड्रम्स, कीबोर्ड, सगळं लाइव्ह. प्रवेशांच्या मधे कांतारां, म्हणजे गाणी, होतात, गाणारा नवीन असला तरी चाललं तर वन्स मोअर, नाही चाललं तर पब्लिक तिथल्या तिथे सांगतं. एका मुलाला आठवड्यात चार-पाच खेळ वाजवायला मिळतात म्हणजे त्याचा हात किती तयार होत असेल विचार करा. आमच्याकडचा तेवढ्याच गुणाचा तबलजी स्पर्धा ते स्पर्धा वाट बघतो.

यावर मला एक काका म्हणाले, तियात्रात गोष्ट असते, विनोद असतो, आमदारावर टीका असते, लोक त्यासाठी जातात, नुसत्या गाण्याला कोण पैसे देणार. हा मुद्दा खोटा नाही. शिवाय तियात्राला कंत्राटदार असतात, ते गावच्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या उत्सवाला, अख्खा खेळ विकत घेतात, तशी साखळी नुसत्या गाण्याच्या कार्यक्रमाला नाहीये. पण साखळी काय आकाशातून पडली? पिढ्यान्‌पिढ्या तिकीट काढल्यामुळे ती बनली. आणि नुसत्या गाण्याला कोणी पैसे देत नाही हे तर साफ चूक, पणजीत मद्रागोवामध्ये पोर्तुगीज फादो आणि कोंकणी मांडो ही गाणी ऐकायला लोक तिकीट काढून जातात, छोटीशी जागा, गिटार आणि आवाज, बास. फादोचे पोर्तुगीज शब्द तिथल्या निम्म्या लोकांना कळत नसतील आणि तरी ऐकतात. मग आमच्या नाट्यगीताला, अभंगाला, आणि मराठी शब्दांत नवीन काही करणाऱ्या पोराला का नाही?

चर्चच्या शाळांतून नोटेशन वाचायला शिकलेले गोव्याचे कितीतरी वादक मुंबईला गेले, हॉटेलात वाजवलं, मग सिनेमात. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांचे शिष्य प्यारेलाल. सेबॅस्टियन डिसोझा, ज्यांनी शंकर-जयकिशनच्या कितीतरी गाण्यांची अरेंजमेंट केली. हिंदी सिनेमाच्या सोनेरी काळाच्या मागे किती गोवेकर बसलेले होते हे आता कुठे लोक बोलायला लागलेत, पडद्यावर त्यांची नावं येत नव्हती. ते का गेले? इथे वाजवायला जागा आणि पगार नव्हता म्हणून. हिंदू घरातली गायिका गेली, ख्रिश्चन घरातला वादक गेला, कारण एकच. आणि आज त्सुमयोकी नावाने रॅप करणारा गोव्याचाच पोर देशभर ऐकला जातो, पण गोव्यात किती घरांत त्याचं नाव माहीत आहे? आपण परत तेच करतोय, माणूस बाहेर मोठा झाला की मग त्याला बोलावून शाल घालू.

शालीवरून आठवलं आणि हे मला सांगितलंच पाहिजे. माझ्या ओळखीतली एक मुलगी, आवाज असा की बस, तिला एका उत्सवात गायला बोलावलं. दोन तास गायली. साउंडवाल्याला पैसे दिले, मांडववाल्याला दिले, जेवणाच्या कंत्राटाचे दिले, जनरेटरचे दिले, आणि तिला शाल, श्रीफळ आणि "आपलीच मुलगी आहे" असं माइकवर कौतुक. तबलजीला पेट्रोलचे पैसे तिने स्वतः दिले. समितीतली माणसं वाईट नव्हती, ती खरंच प्रेमाने बोलली होती, आणि मला हेच जास्त बोचतं की त्या प्रेमळ माणसांपैकी एकालाही त्यात काही खटकलं नाही. जनरेटर थांबला तर कार्यक्रम बंद पडेल हे त्यांना कळतं. गाणारी पोरगी दोन वर्षांनी कुठल्या कॉल सेंटरला लागली आणि गाणं सुटलं तर काय बंद पडतं ते कोणाला दिसत नाही.

आता दुसरा मोठा आक्षेप, गरिबाचं काय. तिकीट लावलं की ज्याच्याकडे पैसे नाहीत तो बाहेर राहणार. हा आक्षेप मी हलका समजत नाही, माझ्या घरात महिन्याच्या शेवटी दोनशे रुपये काय असतात मला माहीत आहे. पण मग खरं बघूया की आज फुकटच्या कार्यक्रमात आत कोण बसतं. पास वाटले जातात, ते ओळखीने जातात. पहिल्या दोन-तीन रांगा राखीव, त्यातल्या निम्म्या रिकाम्या, आणि मागे कॉलेजची पोरं भिंतीला टेकून उभी. ज्याला पास फुकट मिळाला त्याला न यायला काहीच वाटत नाही, आणि मध्येच उठून जायलाही नाही. म्हणजे फुकट असून गरीब आत येतोय असंही नाही. त्यापेक्षा शंभर-दोनशेचं तिकीट ठेवा, विद्यार्थ्यांना पन्नास ठेवा, शेवटच्या दहा मिनिटांत उरलेल्या खुर्च्या जो दारात उभा असेल त्याला फुकट द्या, कोण नको म्हणतंय. पाचशे रुपयांपर्यंतच्या संगीत कार्यक्रमाच्या तिकिटावर जीएसटीसुद्धा लागत नाही, म्हणजे छोट्या कार्यक्रमाला सरकारने ही वाट मोकळी ठेवलेली आहे. जत्रा फुकटच राहूदे, सप्ताह फुकटच राहूदे, तिथे देवाचं काम आहे. मी बोलतेय ते सभागृहातल्या गाण्याबद्दल.

आणि आपल्या वयाच्या मुलांना पण मला बोलायचंय, कारण गरिबीचं कारण आपल्या सगळ्यांना लागू नाही. जानेवारी 2025 ला कोल्डप्ले नवी मुंबईत आला, डी. वाय. पाटील स्टेडियमवर तीन दिवस, मग अहमदाबादला दोन. गोव्यातून किती पोरं गेली, तिकीट, ट्रेन, हॉटेल, सगळं मिळून जो खर्च झाला त्यात इथल्या नव्या बँडचे कितीतरी कार्यक्रम बघून झाले असते. जाऊ नका असं मी अजिबात म्हणत नाही, मीही संधी मिळाली तर जाईन, स्टेडियमभर माणसं एकाच ओळीवर गातात तो अनुभव वेगळाच असणार. पण तेवढे पैसे टाकणारा माणूस म्हापशात मित्राच्या कार्यक्रमाला दीडशे रुपये ऐकून "अरे पास नाही का" असं विचारतो ते मला सहन होत नाही. पैसे आहेत, मन नाही. ओळखीच्या माणसाला पैसे देणं आपल्याला अपमान वाटतो, आणि अनोळखी माणसाला दिले की स्टेटस ठेवतो.

तिसरा आक्षेप दर्जाचा. काका लोकांचा आवडता. यातलं खरं आधी मान्य करते: बरेच नवीन गायक ट्रॅक लावून गातात, काहींचा आवाज ट्रॅकमध्येच असतो आणि ते नुसते ओठ हलवतात, सूर दुरुस्त करणारा ऑटोट्यून काढला तर सूर लागत नाही. रीलवर एक मुखडा सुंदर होतो पण दीड तास माणसांसमोर उभं राहायला जी ताकद लागते ती नसते, दोन गाण्यांनंतर काय बोलावं कळत नाही, श्वास पुरत नाही. हे मी स्वतः पाहिलंय. हॉटेलात आणि लग्नात तर मायनस वनवर, म्हणजे आवाज काढलेल्या तयार ट्रॅकवर, वन मॅन शो, कीबोर्डमध्ये अख्खा बँड, जिथे पूर्वी पाच-सहा माणसं वाजवायची. पण हे का झालं? हॉटेलवाल्याला एका माणसाचे पैसे द्यायचे आहेत, सहा जणांचे नाही. मशीनने माणूस खाल्ला असं म्हणण्याआधी आपण माणसाला किती देत होतो ते बघा. आणि दीड तास उभं राहायची ताकद घरी रियाज करून येत नाही, ती फक्त स्टेजवर येते. नाटक कंपनीतल्या गायकाला गावोगाव खेळ करून ती आली. आजच्या मुलीला आपण वर्षातून दोनदा स्टेज देतो, तेही पंधरा मिनिटं, पाहुण्यांचं भाषण लांबलं तर दहा, आणि मग म्हणतो हिला जमत नाही.

मशीनचं म्हणाल तर पेटी आठवा. आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत हार्मोनियमला रेडिओवर बंदी घातली होती, परकी आहे, तिच्यात मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) येत नाही, कान बिघडवते म्हणून. आज पेटीशिवाय गोव्यातलं एक तरी भजन मंडळ दाखवा. जे लोक लॅपटॉप बघून नाक मुरडतात तेच पेटीवाल्याला परंपरा म्हणतात. क्रेटेक्स नावाचा पोर मराठी शब्दांवर हाउस म्युझिक करतो आणि नेदरलँड्समधल्या स्पिनिन या लेबलने त्याचं गाणं काढलं, त्यातून किती मुलांना कळलं की आपल्या भाषेत पण नाचता येतं. ते सगळ्यांना आवडायलाच पाहिजे असं नाही, मला स्वतःला सगळं आवडत नाही. पण ते नकली आहे म्हणू नका.

आणि नवीन म्हणजे उथळ असं वाटणाऱ्यांना मी आपल्याच घरातलं उदाहरण देते. 1964 साली मत्स्यगंधा नाटक आलं. करणारी संस्था कोण, तर द गोवा हिंदू असोसिएशन, मुंबईत गेलेल्या गोवेकरांनी 1919 मध्ये उभी केलेली. संगीत कोणाचं, मंगेशीचे जितेंद्र अभिषेकी, तेव्हा तिशीतले. गाणारी नायिका आशालता वाबगावकर, त्याही गोव्याच्या. संगीत नाटक संपलं असं लोक म्हणत होते त्या काळात अभिषेकींनी पद छोटं केलं, गोष्टीला अडवणारी लांबलचक तानबाजी कमी केली, भावाला पुढे आणलं. आज आपण ते अभिजात म्हणून ऐकतो. पण तेव्हा ते नवीन होतं, आणि ते टिकलं कशावर? मुंबईतल्या शिवाजी मंदिर, साहित्य संघ अशा नाट्यगृहांत तिकीट काढून आलेल्या लोकांवर. समजा त्या काळच्या प्रेक्षकाने म्हटलं असतं की आधी सिद्ध करून दाखव मग तिकीट काढतो, तर अभिषेकीबुवांनी काय करायचं होतं? पहिल्या दहा प्रयोगांना आलेली माणसं मला फार मोठी वाटतात, त्यांनी ऐकल्याशिवाय विश्वास टाकला. तेवढाच विश्वास मी आज मागतेय.

तिकिटाने अजून एक होतं ज्याचा विचार कोणी करत नाही, ऐकणाऱ्याला हक्क येतो. फुकट कार्यक्रमात साउंड फुटका असला, तासभर उशीर झाला, तरी आपण गप्प, कारण दिलंय काय आपण. पैसे दिलेला माणूस विचारतो. काका, तुम्हाला दर्जा पाहिजे ना, मग तिकीट काढा आणि नाही आवडलं तर तोंडावर सांगा. नव्या पोरांना खोट्या कौतुकाचा कंटाळा आलाय, कोणीतरी खरं सांगावं असं त्यांनाही वाटतं.

सरकारने द्यावं की, असं काहीजण म्हणतील. द्यावंच. सभागृह नीट ठेवणं हे सरकारचंच काम आहे, वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी उभारलेली पणजीची कला अकादमी 2021 पासून दुरुस्तीसाठी बंद राहिली, 2023 च्या जुलैमध्ये तिथल्या खुल्या रंगमंचाचं छप्पर कोसळलं, त्या काळात एक अख्खी बॅच कॉलेजातून बाहेर पडली जिने त्या स्टेजवर पाय ठेवला नाही. त्याचा जाब विचारलाच पाहिजे. पण अनुदानातून कार्यक्रम होतो, प्रेक्षक बनत नाही. ज्या वर्षी फाइल अडकली त्या वर्षी सगळं गप्प होतं, तियात्र मात्र चालू असतं. आणि रात्री दहाच्या नियमाचं जे रडगाणं फेस्टिव्हलवाले गातात ते बंद सभागृहातल्या छोट्या कार्यक्रमाला लागूच होत नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद, पण बंदिस्त सभागृहातल्या आतल्या आवाजाला सूट आहे. शेजाऱ्याची झोप न मोडता गाणं करायची जागा कायद्यानेच दाखवलीय, ती म्हणजे हॉल. आपल्याकडे ते आहेत, मडगाव, साखळी, कुडचडे, काणकोण, वास्कोची रवींद्र भवनं, फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर, म्हापशाचं हनुमान नाट्यगृह. हजार माणसांच्या हॉलमध्ये नवा गायक हरवतो हे मात्र खरं, म्हणून मला शंभर-दीडशे खुर्च्यांच्या जागा हव्यात, मिनी हॉल, ब्लॅक बॉक्स (काळ्या भिंतींची साधी छोटी रंगजागा), वाचनालयाचा वरचा मजला, शाळेचं सभागृह. दीडशे माणसं दोनशे रुपये, तीस हजार. साउंड आणि भाडं गेलं तरी चार-पाच वादकांना घरी न्यायला काहीतरी उरतं. श्रीमंत कोणी होत नाही. पण महिन्यात असे तीन कार्यक्रम झाले तर त्या तबलजीला नोकरी सांभाळूनही तबला सोडावा लागणार नाही.

आणि हे करायचं असेल तर डिसेंबरमध्ये नको. डिसेंबरमध्ये सगळ्यांना कामं असतात, हॉटेलं, कॅसिनो, लग्नं. जून ते ऑगस्ट गोव्यातला वादक घरी बसलेला असतो, शॅक बंद, पर्यटक कमी, मांडव नाहीत, चतुर्थीपर्यंत हातात काही नाही. त्याच तीन महिन्यांत हॉलमध्ये तिकिटाचे कार्यक्रम लावा. रविवारी लावा आणि दुपारी साडेतीनला लावा, तियात्रवाल्यांनी ही वेळ उगाच धरलेली नाही, संध्याकाळी उशिरा सत्तरीला, पेडण्याला जायला बस मिळत नाही, आणि माझ्यासारख्या मुलींना घरून परवानगी पण त्याच वेळेची मिळते. पहिला अर्धा तास पूर्ण नव्या माणसाला, उरलेला तास थोड्या अनुभवी माणसाला, दोघांनाही ठरलेले पैसे आधी सांगून. भाषण नाही, सत्कार नाही, राखीव रांग नाही. आमदार आले तर त्यांनीही तिकीट काढावं, खिडकी तीनला उघडेल.